हाकोब सरांच्या दगडावर काय कोरायचं

हाकोब सर गेले.

सुट्टीवर बैरूतला घरी गेले होते. तिथेच हार्ट अटॅक.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. सर आर्मेनियन. इथे जुबैलला, आमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये फिटर-वेल्डर पोरांना इंग्लिश शिकवायचे.

पण माणूस खरा विद्वान. जुन्या आर्मेनियन कबरींचे दगड वाचत गावोगाव हिंडलेला. त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात घर चालेना, म्हणून सौदी.

त्या दगडांवर मेलेल्याच्या धंद्याचं हत्यार कोरतात. शिंप्याची कात्री. लोहाराचा हातोडा.

सर फोटो दाखवायचे तेव्हा वाटायचं, सगळे ह्यांच्या ओळखीतलेच.

मी तेव्हा इंजिनिअरिंग अर्धवट टाकून आलेलो. का, ते तुम्हाला माहितीय. तिचं नाव इथे लिहीत नाही. पगार सगळा तिला फोन लावण्यात जायचा.

"सर, माझ्या दगडावर काय?"

"मोबाईल. बॅलन्स संपलेला."

सगळा क्लास हसला. माझं डोकं फिरलं. जायचंच बंद केलं.

तर सर थेट कॅम्पात, माझ्या रूमवर.

"'नाही' ती म्हणाली. मी म्हणालो का? यल्ला, ऊठ."

काल त्यांच्या मिसेसचा फोन आला.

"मुलं म्हणतात, पुस्तक कोरू. पण पुस्तक तर कुठल्याही मास्तराच्या दगडावर चालतं. शेवटची वर्षं ते तुमच्यात होते. तुम्ही सांगा. कारागीर थांबलाय."

रूमवर भांडणच लागलं. एक म्हणाला खडू. मी उखडलो, व्हाइटबोर्डवर खडू कुठनं आणला? दुसरा म्हणाला चष्मा.

"चष्मा काय हत्यार आहे का रे?"

आमच्याच रूमचे, राजापूरचे इम्तियाजभाई म्हणाले, "खुर्ची सांग त्यांना."

भांडण तिथेच मिटलं.

शिफ्ट सुटून उशिरा येणाऱ्याला सर कधी ओरडले नाहीत. त्याला स्वतःची खुर्ची द्यायचे. आणि तास संपेपर्यंत उभे. गुडघे गेलेले, तरी उभे.

त्या खुर्चीत बसला नाही असा आमच्यात एकही नाही.

मी फोन लावला. सगळं सांगितलं.

बाईंनी विचारलं, "खुर्चीत त्यांना बसलेलं दाखवू?"

"नको मॅडम. रिकामीच ठेवा. कुणीतरी उशिरा येतंच."

सर, भावपूर्ण वगैरे मला लिहिता येत नाही. रडतोय, एवढंच.

नीट जा.