बुऱ्हाणपूर ते टोरांटो किती लांब?

इतकी वर्षं तिकिटं विकून माझ्याकडे काय साठलं असेल, तर किस्से! बुऱ्हाणपुरात, राजपुरा मोहल्ल्यात माझं ट्रॅव्हलचं छोटंसं ऑफिस आहे. गावात विमानतळ नाही, पण विमानाबद्दलचं कुतूहल पोत्यानं. येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "किती लांब? टाइम किती लागतो?" खरं सांगतो, हा प्रश्न मलाही आवडतो.

*

एका पॉवरलूमवाल्या शेठना दुबईला जायचं होतं.

"इंदूरहून किती टाइम?"

"साडेतीन-चार तास."

"अन् इथून इंदूर?"

"बसनं पाच. घाटात ट्रक अडकला तर देव जाणे."

शेठ विचारात पडले. "मग असं बोल ना, दुबई जवळ आहे, इंदूरच फॉरेनला आहे!"

*

केळीचे एक व्यापारी मुलाकडे टोरांटोला निघाले. तिकिटावर होतं, दिल्लीहून पहाटे सुटणार, त्याच दिवशी सकाळी पोचणार. मी दोन्हीकडच्या घड्याळांचा फरक समजावला. विमान पंधरा-सोळा तास उडतं, हेही सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकलं आणि घरी फोन लावला, "अगं, डबा नको करू. नाश्त्याला पोचून राहिलो!"

*

समोरच्या स्टँडवरचे रिक्षावाले रफिकभाई फावल्या वेळात माझ्या स्क्रीनवर विमानं बघतात. टोरांटोचा रस्ता उत्तरेकडून वळसा घेतो, हे पाहून ते भडकलेच. "भाऊ, ये तो सवारी को घुमा रहा है!"

मी संत्र्यावर दोरा ताणून दाखवला. पृथ्वी गोल, म्हणून हा वळसाच जवळचा. ते बराच वेळ संत्रं फिरवत बसले.

दुसऱ्या दिवशी बाहेर एक बाई त्यांच्याशी भांडत होत्या, "स्टेशनवरून इतक्या लांबून का आणलं?"

रफिकभाई शांतपणे म्हणाले, "भाभी, धरती गोल है!"

*

आणि सिंधूकाकू. काका पेपर मिलमधून रिटायर झालेले. मुलगी टोरांटोला, पहिलं बाळंतपण. काकूंना तिथं वेळेत पोचायचं होतं, पण व्हिसा काही येईना.

एका गुरुवारी त्या गाठोडं घेऊन आल्या. आत साडी, तांदूळ, सुपारी, हळकुंड. म्हणाल्या, "भाऊ, इथं प्रस्थान ठेवते." आपल्याकडे मुहूर्तावर निघता आलं नाही, तर सामान दुसऱ्याकडे नेऊन ठेवतात. प्रवास तिथूनच सुरू झाला, असं मानतात.

मागोमाग आलेले काका वैतागले, "अगं, व्हिसा नाही, तिकीट नाही!"

"मुहूर्त काय व्हिसासाठी थांबतो?"

गाठोडं माझ्या प्रिंटरशेजारी राहिलं. काकू येता-जाता दारातून बघून जायच्या. आणि एक दिवस बातमी आली, मुलगी झाली! दोघी सुखरूप. मला आनंद झाला, पण लगेच नजर प्रिंटरशेजारी गेली. आता काकू गाठोडं परत न्यायला येणार!

काकू आल्या. पिशवीतून स्वतः शिवलेलं लाल टोपडं काढलं आणि गाठोड्याच्या गाठीत खोचलं.

मी चाचरत म्हणालो, "काकू, व्हिसा अजून आला नाही. उशीर झाला हो तुम्हाला."

"मला कुठं उशीर?" काकू म्हणाल्या. "मी तर कधीची निघाली. लेट तर तुमचं विमान आहे!"