सोवळं, शेवाळ आणि रामनगरची नाव

ये गं, काशीहून तुझ्याकडे आलेय तर अशी जवळ बैस आणि आधी ऐक. जळजळ थांबली म्हणून गोळ्या बंद केल्यास? वा! तुझ्या या मावशीचा शहाणपणा बरोब्बर उचललास.

माझंही हेच. दोन वर्षं ते दुखणं उलटून उलटून यायचं. लघवीला आग, घडीघडीला धाव. जरा बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात, पुढच्या खेपेसाठी! रामनगरला माझी थोरली बहीण, ताई, वाट बघून रुसलेली. तिच्याकडे काशीच्या शिंदे घाटावरून नावेनं जायचं. भर गंगेत लघवी लागली तर मी कुठे जाणार?

शेवटी यांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या, "माताजी, घाट की काई देखी है?"

"देखी? दो बार गिरी हूँ!"

त्या हसल्या. म्हणाल्या, लोटाभर पाण्यानं ती काई, ते शेवाळ जातं का? तसेच हे जंतू कधीकधी मूत्राशयात चिकट थर करून बसतात. औषधानं वरवरचे मरतात, आतले दबून राहतात आणि पुन्हा डोकं काढतात. म्हणून गोळ्या सांगितल्या तितक्या पुऱ्या घ्यायच्या, पाणी प्यायचं, लघवी रोखायची नाही.

यांनी लगेच चुगली केली. सोवळ्यात मध्येच लघवीला जाऊन आलं की पुन्हा अंघोळ, म्हणून नैवेद्य होईपर्यंत मी पाण्याचा घोटसुद्धा घेत नसे ना!

घरी येताना हे म्हणाले, "देव पाच मिनिटं थांबतो गं. तुझ्या मूत्राशयाकडून कसली तपश्चर्या करून घेतेस?"

स्वतः इतके कर्मठ, आणि हे बोलले! मग मीही ऐकलं. गोळ्या पुऱ्या केल्या, पाळी गेल्यावरच्या या वयासाठी दिलेलं मलम लावलं. पूजेत मध्येच उठते, हातपाय धुते, पुन्हा बसते. देव अजून रागावलेला नाही.

थंडी सरली तरी दुखणं परतलं नाही, तेव्हा नावेत बसले. अर्ध्या वाटेपर्यंत जीव मुठीत. पण पोचले सुखरूप!

ताई दारातच उभी. "आलीस? मला वाटलं, गंगा आटली की चालत येशील."

"भांडण नंतर. आधी संडास कुठे ते सांग!"

रुसवा तिथेच संपला. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी.

तर बाई, डॉक्टरला फोन कर, अर्धवट सोडलेल्या गोळ्यांचं विचार. आणि बरी झालीस की लवकर ये काशीला. ताईकडे नावेनंच जाऊ.