मास्तरांची कवळी आणि दोन फ्लॅट

"सर, स्केल दोन पट्ट्या खाली घ्या. अन् पोट्ट्यायले काऊन ते सांगू नका," झनकलाल मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. गोंदियातल्या एका बँड पार्टीत मी कीबोर्ड वाजवायचो, तोही हातगाडीला दोरीने बांधलेला. मास्तर ट्रंपेटवाले आणि पार्टीचे पुढारी. त्या वर्षी त्यांचे पुढचे दात गेले आणि कवळी बसली. ट्रंपेटचा वरचा स्वर काढायला ओठ दातांवर घट्ट धरावे लागतात. कवळी हलायची आणि स्वर फाटायचा. त्यात त्यांच्या धाकट्या लेकीचं, दुर्गाचं लग्न तोंडावर आलेलं, दवनीवाड्याला.

"साऱ्या जिल्ह्याच्या पोरी म्या वाजवून सासरी धाडल्या. माही पोरगी दुसऱ्याच्या ट्रंपेटवर जाईन का?"

उपाय सोपा होता. गाणं तेच ठेवायचं, पण सुरुवातच खालून करायची, म्हणजे वरचा स्वरही खाली येतो. कीबोर्डला त्यासाठी ट्रान्सपोजचं बटण असतं, दाबलं की काम झालं. पंचाईत फुंकणाऱ्यांची. आमच्या पार्टीने जन्मभर एकच स्केल वाजवलं होतं, सी मेजर. त्यातले सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर, ना शार्प ना फ्लॅट. ट्रंपेटचा सी वेगळा आणि कीबोर्डचा वेगळा, पण ती भानगड इथे नको. मास्तरांना हवं होतं बी फ्लॅट मेजर.

क्लॅरिनेटवाला टेकराम उखडलाच. "कायले बदलून राहिले सर? तुमच्या पेटीले बटण हाये. आमच्या तोंडाले हाये का?"

"आजकाल हेच चालतं," मी ठोकून दिलं.

"कोठी चालते?"

मी विषय बदलला आणि सगळ्यांना कीबोर्डभोवती उभं केलं. मेजर स्केल म्हणजे स्वरांमधली ठरलेली अंतरं. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून मोजत जायचं: दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. सीपासून निघालं तर बोट नेमकं पांढऱ्यांवर पडतं. दुसरीकडून निघालं की अंतर राखायला मध्येच काळी घ्यावी लागते. स्वर एक पट्टी चढवला तर शार्प, उतरवला तर फ्लॅट. बी फ्लॅट मेजरमध्ये असे दोन फ्लॅट, बी आणि ई.

बी जमला, सुरुवातच तिथून होती. ईने मात्र सगळ्यांचा घाम काढला. तो येतो चौथ्या जागी, मध्यमावर. टेकरामची बोटं सवयीने साधा ई दाबायची आणि बिदाईच्या धुनेत मध्यम चढा लागायचा.

"बाप्पा, पोरगी सासरी जाऊन राहिली का पोलीस ठाण्यात?" ढोलवाला म्हणाला.

टेकरामने क्लॅरिनेट खाली ठेवलं. "मी जुन्यातच वाजवीन. जमत असन त ठेवा."

बाहेर ओट्यावर मास्तर चहात बिस्किट भिजवून, तोंड वाकडं करून खात होते. टेकराम बराच वेळ तिकडे बघत राहिला.

"कवळीच्या पायी हाये का हे?"

मी उगाच कीबोर्डची बटणं पुसायला लागलो.

"मंग असं सांगाचं ना, सर. आम्ही का आंधळे हावो?"

त्याने क्लॅरिनेट उचललं. त्यानंतर कुरकुर नाही. पानठेल्यावरसुद्धा पोरं "दोन, दोन, एक" पुटपुटायची. फार गोड माणसं होती ती, आजही आठवली की बरं वाटतं.

बिदाई दुपारची होती. मास्तर नवरीचे बाप, नवा कुर्ता, गळ्यात ट्रंपेट. मुखडा स्वच्छ वाजला. अंतरा सुरू झाला आणि दुर्गा येऊन त्यांच्या पाया पडली. वरचा स्वर आता कवळीच्या आवाक्यात होता. तरी निघाला नाही. कवळी जागच्या जागी होती, ओठच थरथरत होते.

टेकराम एक पाऊल पुढे आला आणि तिथूनच धून उचलली. मध्यम अगदी बरोबर लागला. मास्तरांनी ट्रंपेट माझ्या हातगाडीवर ठेवलं, पोरीला जवळ घेतलं आणि मोकळेपणी रडले. नवरीची गाडी वळणाआड जाईपर्यंत आम्ही वाजवत राहिलो.

पुढे डीजे आले आणि पार्टी मोडली. आता मी क्लास घेतो. पोरं विचारतात, "सर, ट्रान्सपोजचं बटण असताना ही स्केलं कशाला पाठ करायची?"

मी म्हणतो, मोजा गुमान. शेजारच्याचा स्वर कधी उचलावा लागेल, सांगता येत नाही.