वेराकाकूंचं मत

दत्तात्रयकाकांशी लग्न झाल्यावर वेराकाकू अस्खलित मराठीत भांडायला शिकल्या, पण त्यांचा जन्म चेक देशातला. तिथे कम्युनिस्टांच्या काळात मतदानाला उमेदवारांची एकच यादी असे आणि ती सगळ्यांदेखत पेटीत टाकायची. पडदा असायचा, पण त्यामागे जाणाऱ्यावर संशय. काकूंचे वडील एकदाच पडद्यामागे गेले आणि त्यांची शिक्षकाची नोकरी गेली.

ती राजवट कोसळल्यावर उजवीकडे झुकणारा एक नवा पक्ष उभा राहिला. त्याला मिळालेली सत्ता, त्यातली फाटाफूट, मग इतरांशी केलेली आघाडी, हे सगळं काकूंनी सिडनीच्या कॅसल हिल उपनगरातून मायेनं पाहिलं. पण भीतीपोटी स्वतः मत द्यायला कधी गेल्या नाहीत.

या निवडणुकीला पुतणी मिताली त्यांना सिडनीतल्या चेक वाणिज्य दूतावासात घेऊन गेली. सगळ्या पक्षांच्या मतपत्रिका देत अधिकारी म्हणाला, "पडद्यामागे जावंच लागेल, नाहीतर मत देता येणार नाही."

काकू मितालीकडे वळल्या. "मिताली, तू चल ना आत."

"तसं चालत नाही गं काकू. मी इथेच उभी आहे."

काकू एकट्या आत गेल्या. त्या आघाडीची पत्रिका पाकिटात सारली, बाहेर येऊन पेटीत टाकली आणि मितालीचा दंड घट्ट धरला.

"मी आत असताना कुणी काही लिहून घेतलं का गं?"

"कुणी बघितलंसुद्धा नाही."

"बरं. तरी गाडी लवकर काढ, बाई."