अधिक महिन्यात पोचवलेली सायकल

सायकल माझ्या बहिणीची होती. हे वाक्य सगळ्यात आधी लिहून ठेवतो, कारण अकोल्यात एका मंडपात त्या सायकलीवर दीड तास भाषणं झाली आणि पाच वक्त्यांपैकी एकाच्याही तोंडून ते निघालं नाही. सहावा माणूस मी होतो. मीही गप्प होतो.

बत्तीसेक वर्षांपूर्वी वडिलांनी ती घेतली. ते नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत शिकवत आणि अमरावतीहून रोज एसटीनं जा-ये करत. बहिणीनं बीएस्सीला नाव घातलं तेव्हा त्यांनी तिला ही सायकल आणली. जाड टायर, सरळ हँडल, बाटलीसारखा हिरवा रंग, अठरा गिअर आणि गिअरचं सगळं सामान जपानचं. आमच्या गल्लीत तोवर गिअर फक्त मोटारगाडीला असतात असा समज होता. शेजारचे काका येऊन म्हणाले, "मास्तर, पोरीले काहून देऊन राहिले एवढी महागाची सायकल? पोरगा हाय ना घरात."

"पोरगा पुस्तकं वाचते," वडील म्हणाले. "त्याले कुठं जायचं हाय?"

हे खरं होतं, म्हणूनच मला झोंबलं.

बहीण मात्र गेली. कॉलेजच्या मुलामुलींबरोबर परतवाड्याहून घाट चढून सेमाडोहपर्यंत जाऊन आली. आल्यावर दोन दिवस जिना उतरताना कण्हत होती. तिसऱ्या दिवशी तिनं अंगणात सायकल उलटी केली, चेन रॉकेलनं धुतली आणि वडिलांकडून पाना मागून घेऊन एकेक नट कसला. वडील बाजूला खुर्चीवर बसून बघत होते. मी खिडकीत पुस्तक घेऊन बसलो होतो. कोणतं पुस्तक ते आठवत नाही.

दोन वर्षांनी तिचं लग्न ठरलं. मुलगा अकोल्याचा, जठारपेठेत घर, पाण्याच्या पंपांची एजन्सी. बैठकीत वडिलांनी विचारलं, सायकल सोबत पाठवू का? मुलाकडचे सगळे हसले. "स्कूटर हाय आमच्याकडं," नवरदेव म्हणाले. वडिलांनी पुन्हा विचारलं नाही. आमच्याकडं जावयाला दोनदा विचारत नाहीत. मंडपात वडिलांनी त्यांचे पाय धुतले तेव्हा पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता. नंतरची तीस वर्षं तो बहुधा तिथंच राहिला.

सायकल आमच्या घरी राहिली, म्हणजे माझी झाली. मला ती कोणी दिली नाही आणि मी कोणाला विचारलं नाही. गिअर कुरकुरतात म्हणून मी ते काढून टाकले. मागं लोखंडी कॅरिअर बसवलं, खाली स्टँड लावला, पुढं टोपली बांधली. सेमाडोहचा घाट चढलेल्या त्या सायकलीवरून मी बारा वर्षं दळण आणलं. मग स्कूटी घेतली आणि सायकल मागच्या पडवीत भिंतीला टेकवली.

वडिलांनी मी काढलेला प्रत्येक भाग धुतला, ग्रीस लावून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. डब्यावर चिकटपट्टी लावून बहिणीचं नाव लिहिलं. मग डबा माझ्या टेबलासमोरच्या फळीवर ठेवला. वडील गेले त्याला सात वर्षं झाली. डबा तिथंच होता.

मागच्या हिवाळ्यात बहिणीचा फोन आला. "भाऊ, माह्यी सायकल हाय का अजून?"

"हाय ना."

"चालते?"

"चालते."

दोन्ही उत्तरं मिळून अर्धं खरं होतं. ती सांगत होती की जठारपेठेतल्या चार-पाच बाया सकाळी पोरींच्या जुन्या सायकली काढून फिरायला जातात. "त्या म्हणतात, तू बी घे एखांदी. मी म्हटलं, मले कायले घ्या लागते? माह्याजवळ हाय." तिला तेव्हा पन्नासावं लागलं होतं. 'माह्याजवळ हाय' असं ती ज्या वस्तूबद्दल म्हणत होती, तिच्या टोपलीत आमच्या पडवीत मांजर व्यालेली होती.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं नोकरी केली. मूळ प्रत आणि झेरॉक्स यांतला फरक लोकांना सांगून सांगून तोंड दुखवून घेतलं. तेव्हा सायकलीबाबतही मी ठरवलं की एकही नवा भाग लावायचा नाही. जे वडिलांनी डब्यात ठेवलं तेच परत बसेल. ही माझी भरपाई होती. भरपाई कोणाला आणि ती कोणी मागितली होती, हा विचार तेव्हा केला नाही.

जुन्या वस्तीतला मिस्त्री पहिल्याच दिवशी वैतागला. "सर, नवीन सेट टाकून देतो. परवा घेऊन जा."

"नाही. डब्यातलंच लावायचं."

"कोनाले समजते?"

"जिची आहे तिला."

"मंग तिले घेऊन या ना. तुमी काहून माहं डोकं खाऊन राहिले?"

तिला बोलावण्याचं मला खरंच सुचलं नाही. मला तिला तयार सायकल द्यायची होती, झाकण उघडून मिठाई द्यावी तशी. चार महिने लागले. फ्रीव्हील आठ दिवस डिझेलमध्ये पडून होतं. ब्रेकचे दांडे मी स्वतः चिंचेच्या कोळानं घासले. बायको म्हणाली, घरातली समई अशी कधी घासली असती तर!

आणि शेवटी दोन भाग कमी पडले. मागच्या गिअरखाली चेन ताणून धरणारी दोन लहान दातेरी चाकं असतात, ती डब्यात नव्हती. मी वडिलांनाच दोष दिला. मग एक दिवस शोकेसकडं लक्ष गेलं. आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, त्यात पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून ओढत नेतात. माझी मुलगी लहान असताना तिच्या बैलाची पुढची चाकं तुटली होती आणि मी मोठ्या हुशारीनं डब्यातली ही दोन काढून बसवली होती. बैल इतका सुळकन पळाला की त्याला बक्षीस मिळालं. वडील तेव्हा गर्दीत उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत हे मला तेव्हा विचित्र वाटलं होतं.

चाकं काढली. बैल आता शोकेसमध्ये पुढचे गुडघे टेकून बसला आहे.

सायकल तयार झाली. ओळखीच्या एकाचा टेम्पो कांदे घेऊन अकोल्याला निघाला होता. बायको म्हणाली, "आत्ताच नेता? अधिक लागला हाय."

मी पंचांग मानत नाही, असं म्हणालो. पंचांगानं ते मनावर घेतलं नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. अधिक महिना आमच्याकडं जावयाचा महिना. त्या महिन्यात मुलीच्या माहेरून जावयाला वाण जातं. तेहतीस अनारसे, ताट, दिवा, ऐपतीप्रमाणं चांदी. त्या तीस दिवसांत सासुरवाडीचा माणूस जे काही घेऊन दारात उभा राहील ते जावयाचं, इतका साधा हिशेब. शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. ग्रंथपालाला नव्हतं.

टेम्पो जठारपेठेत थांबला. कांद्याच्या गोण्यांमधून हिरवी सायकल खाली उतरली. जवाईबुवा बनियनवर बाहेर आले आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा, भाऊसाहेब! यंदा वाणात सायकल का? आजवर अनारश्यांवरच भागवून राहिले होते!"

आणि मी हसलो.

या लेखातला खरा गुन्हा तो आहे, पुढं फुटणारा नारळ नाही. बहीण दारात उभी होती, हात ओले होते, ते पदराला पुसत होती. तिनं सायकलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि थांबली. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबली. मी हसतच राहिलो, आणि वर म्हणालो, "मूळ पार्ट आहेत सगळे." ती आत चहा ठेवायला गेली.

आठ दिवसांनी मला कार्यक्रमाचं बोलावणं आलं. जवाईबुवा त्यांच्या वस्तीच्या नागरिक मंडळाचे अध्यक्ष. अध्यक्षाला कार्यक्रम लागतो, जशी पंपाला वीज लागते. चौकात फलक होता: 'दुर्मिळ सायकलीचे भव्य पूजन व लोकार्पण.' फलकावर अकरा चेहरे होते. सायकल नव्हती, तिला जागा उरली नसावी. खाली बारीक अक्षरात जवाईबुवांचं नाव आणि पुढं 'संग्राहक'. लोकार्पण म्हणजे लोकांना नेमकं काय अर्पण होणार होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

अकोल्याचा उन्हाळा, पत्र्याचा मंडप, लाल गालिचा. सायकलीला झेंडूचा हार घातला होता, सीटवर शाल होती, हँडलला हळदकुंकू. टायरखाली लिंबू. चेनचं जे चक्र मी तीन दिवस सुईनं टोकरून साफ केलं होतं त्याच्यावर कोणीतरी अक्षता उधळल्या आणि तांदूळ चेनमध्ये जाऊन बसले. बहीण आरतीचं ताट घेऊन कडेला उभी. सूत्रसंचालक तिला म्हणाला, "वहिनी, जराशा मागं सरका, फोटोत येऊन राहिल्या."

ती मागं सरकली.

मग प्रमुख पाहुण्यांनी नारळ हातात घेतला. नारळ फोडायला दगड लागतो आणि दगड कोणी आणलाच नव्हता. गालिचा होता, हार होते, अकरा चेहरे होते. पाहुणे इकडंतिकडं बघू लागले. जवाईबुवा पुढं झाले. "फोडा ना साहेब पायडलवर! जुनं लोखंड हाय, काही होत नाई." पहिला घाव पायडलवर बसला, नारळ फुटला नाही. दुसरा निसटला. तिसरा सगळ्या ताकदीनिशी चेनच्या मोठ्या दातेरी चक्रावर बसला. नारळ फुटला, टाळ्या झाल्या, पाणी चक्रावरून गालिच्यावर ठिबकलं. मला लांबूनही दिसलं, चक्राचा वरचा भाग आत वाकला होता.

जपानहून अमरावतीला आलेलं, बारा वर्षं माझ्या दळणातून आणि अठरा वर्षं पडवीतून सहीसलामत सुटलेलं चक्र. तरी मी खुर्चीवरून उठलो नाही, कारण तोवर माझ्याही गळ्यात हार पडला होता.

संध्याकाळी त्यांच्या अंगणात मी तोंड सोडलं. जवाईबुवा आत बैठकीत पाहुण्यांना निरोप देत होते, म्हणून मी फार शूर झालो होतो. अडाणी लोक, म्हणालो. यांना वस्तूची किंमत कळत नाही. मी ते चक्र अमरावतीला नेतो, मिस्त्रीकडून सरळ होतं का बघतो, नाहीतर अगदी तसंच मूळ चक्र शोधून काढतो, सहा महिने लागले तरी चालतील.

"नेऊ नको," बहीण म्हणाली.

"अगं, पण ते मूळ..."

"भाऊ, चूप बस थोडा." ती सायकलीजवळ उकिडवी बसून चेनमधले तांदूळ काढत होती. "त्याईनं नारळ फोडला. तू चार महिने डब्याची पूजा केली. फरक काय हाय, सांग? मले एकानं तरी विचारलं का, बाई, सीट किती वर ठेवू?"

मी सीटकडं पाहिलं. सीट माझ्या उंचीला होती. चाचणीसाठी मी चालवली होती ना.

"दारात त्या दिवशी दोन शब्द बोलायचे होते तुले," ती म्हणाली. "'हिची हाय.' बस. तेवढं नाई बोलता आलं. आनं मूळ पार्ट सांगून राहिला."

मग ती आत गेली आणि पंपाच्या कामाचा मोठा पाना घेऊन आली. वाकलेल्या भागावर तो अडकवला, पायानं चक्र दाबून धरलं आणि हळूहळू ओढलं. वडिलांनी शिकवलं होतं तसंच. पूर्ण सरळ झालं नाही. तिनं पायडल फिरवून पाहिलं. दर फेऱ्याला चेन एकदा टक् करून पुढं जात होती. "चालते," ती म्हणाली. सीट चार बोटं खाली घेतली आणि नट कसला.

जवाईबुवा बाहेर आले. "अवो, हे काय? सकाळी पेपरवाले येनार हायेत फोटोले. सायकल बैठकीत घेऊन ठेवा."

"मी आठ वाजता येते वापस," ती म्हणाली. "थांबले तर थांबतीन."

पहाटे फाटक वाजलं म्हणून मी ओट्यावर आलो. कोपऱ्यावर चार बाया सायकली धरून उभ्या होत्या. एक ओरडली, "बापरे, हिले गिअर हाय वं!" दुसरी म्हणाली, "मंग हिनंच पुढं व्हावं." बहीण बसली, पहिल्या दोन फेऱ्यांना डगमगली आणि निघाली. टक्, टक्, टक्. आवाज मोजता येत होता, मग येईना.

जवाईबुवा जांभई देत माझ्या शेजारी उभे राहिले. "गेली का सायकल घेऊन? वाण हाय म्हटलं ते."

"तिची आहे," मी म्हणालो. आवाज नको इतका चढला. समोरच्या घरातली खिडकी उघडली.

"काय?"

"सायकल. तिची आहे. वडिलांनी तिला घेतली होती."

"हो, मंग?" ते म्हणाले. "नेली ना तिनं." आणि चहाचं काय झालं ते बघायला आत गेले.

ते जिनं ऐकायला हवं होतं ती तोवर गल्लीच्या बाहेर गेली होती.