तळ्याकाठची विहीर

परवा मंडईत डाळिंबाच्या पेटीला फवारणीच्या औषधाचा उग्र वास आला आणि सांगोल्याकडचं ते तळं आठवलं.

मी तेव्हा संशोधनाला नुकतीच लागले होते. तळ्यातले मासे मरून पांढऱ्या पोटांनी तरंगत होते. माझे मार्गदर्शक सर पाण्याचे नमुने गाडीत ठेवत होते. काठावरच्या विहिरीतून घागर भरून निघालेल्या एका मावशींनी मला अडवलं.

“ताई, मासं मेलं की. ह्या हिरीचं पानी प्यावं का न्हाय? सून पोटुशी हाय माजी.”

“तपासणी झाली की सांगते, मावशी. आठ दिवस लागतील.”

“तवर काय प्यायचं?”

अहवालाआधी काही बोलायचं नाही, असं सरांनी बजावलं होतं. मी गाडीपर्यंत गेले. तशीच परत धावले. “मावशी, ओता ते. टँकरचंच प्या.” त्यांनी घागर तिथेच उपडी केली.

सर फार रागावले. माझं चुकलं असलं तर, या धास्तीने आठ दिवस जेवण गेलं नाही. अहवाल आला. विहिरीतही फवारणीचं विष उतरलं होतं.

आता अहवालांवर माझी सही असते. विद्यार्थ्यांना मीही बजावते, अहवालाआधी बोलू नका. आणि त्यांच्यातलं कुणीच परत धावलं नाही तर, ही काळजी मला लागून राहते.