हाताजोगा स्टँड

मोठ्या इस्त्रीच्या रुळाशी उभी राहिली की ती हरवायची. हॉस्पिटलच्या ओल्या चादरी एका बाजूने आत सरकवायच्या, दुसऱ्या बाजूने त्या गरमागरम, सपाट होऊन बाहेर यायच्या आणि मधल्या मधे वाफेचा एक लांब सुस्कारा. धोबीखान्यातल्या सोबतिणी घरच्या गप्पा मारत, ही आपली त्या सुस्काऱ्यात गळ्यापर्यंत बुडालेली. मग मुकादम ओरडायचा, "बाई, चादर तिरकी चाललीये!" तेव्हा कुठे तिचे पाय जमिनीला लागत.

तसाच सुस्कारा तिने तरुणपणी दुसरीकडे ऐकला होता. नाचाच्या हॉलमध्ये धुतलेले टेबलक्लॉथ पोचवायचं काम तिच्याकडे होतं. तिथला ड्रमवाला तारांचे ब्रश घेऊन स्नेअर ड्रमवर गोल गोल फिरवायचा, ड्रमच्या पोटाखाली ताणलेल्या बारीक तारा शहारायच्या, आणि कुणीतरी कानाशी येऊन गुपित सांगावं असा आवाज हॉलभर पसरायचा. गाठोडं डोक्यावर तसंच ठेवून ती दारात उभी राहायची. पुढे तो ड्रमवाला बोटीवर नोकरीला लागला आणि ड्रम तिथेच ठेवून निघून गेला. एका दुपारी तिने गाठोडं खाली ठेवलं, ब्रश उचलले आणि चादरीची सुरकुती काढावी तसा हात फिरवला. अकॉर्डियन वाजवणारे शिंपीकाका वाजवता वाजवता थांबले. म्हणाले, "पोरी, रविवारी गाठोडं जरा लवकर आणत जा."

त्यानंतरचे तिचे सगळे रविवार त्या हॉलचे झाले.

नवरा तिला तिथेच भेटला. तो बसगाड्यांवर नंबर आणि पाट्या रंगवायचा. हॉलची पाटी रंगवायला शिडीवर चढला होता आणि आतलं वाजवणं ऐकता ऐकता एका अक्षराला जास्तीचं शेपूट काढून बसला. लग्नानंतर वाटणी ठरून गेली. रविवारी घरून हॉलला निघताना ड्रम तिने खांद्याला अडकवायचा, ड्रम ज्यावर बसवायचा तो स्टँड त्याने उचलायचा. "घरात ब्रश दोघांचे," तो म्हणायचा, "पण माझ्या ब्रशाचा रंग तरी दिसतो, तुझा नुसता ऐकू येतो." स्टँड म्हणजे जुनं लोखंडी धूड होतं, ड्रमपेक्षाही वजनदार. नाकापेक्षा मोती जड! पण तो ते बगलेत मारून असा चालायचा, की जणू सकाळचा पेपरच घेऊन निघालाय.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. तो वाचला, बोलायला लागला, चालायलाही लागला. पण उजवा पाय जड झाला आणि उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं तेवढी कामाची राहिली. पाट्या संपल्या. रविवार उजाडला की मात्र तो डाव्या खांद्यावर स्टँड घेऊन दारात तयार. आणि एका रविवारी हॉलच्या पायऱ्यांवर, कठडा धरायला डावा हात मोकळा नसल्याने, तोल गेला. त्याला खरचटलंही नाही, पण स्टँड गडगडत खाली गेला आणि त्याचा एक पाय पार वाकला. तो पायरीवर बसून राहिला. तिने हात पुढे केला, तर तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "जा तू, येतो मी."

संध्याकाळी नणंद आली. "वहिनी, आता दादाला घरी बसू दे गं. स्टँड काय, कुणीही उचलेल."

तिने नणंदेपुढे चहा ठेवला. पण तो 'कुणीही' दुसऱ्या दिवशी रुळाशी तिच्याबरोबर उभा राहिला. चादरी आत जात होत्या, बाहेर येत होत्या, आणि तो जागचा हलत नव्हता.

सुट्टी झाल्यावर ती एकटीच वाद्यांच्या दुकानात गेली. दुकान लांबट, अंधारं; भिंतीवर टांगलेल्या गिटारी पाण्याखाली असल्यासारख्या हिरवट चमकत होत्या. दुकानदाराने चष्मा कपाळावर ढकलला आणि चकचकीत, दुहेरी पट्ट्यांच्या पायांचा एक स्टँड समोर ठेवला.

"हा घ्या. हत्ती बसला तरी हलायचा नाही."

"हत्तीला वाजवायचं नाहीये," ती म्हणाली. "हलका दाखवा. आणि माझ्या ऐपतीतला."

त्याने एकेक काढायला सुरुवात केली. ती प्रत्येक स्टँड अंगठा आणि दोन बोटांत धरून उचलायची, थोडं चालायची, परत ठेवायची. एक हलका होता, पण ड्रम धरणाऱ्या वरच्या पंजाची बोटं खुळखुळत होती. एकाचा नट फिरवायला पैलवान हवा होता. एक खाली येईना. ती बुटकी, बसून वाजवणार, तर ड्रम हनुवटीला लागायचा.

"हात दुखतोय का तुमचा?" शेवटी दुकानदाराने विचारलं.

"माझा नाही."

त्याने तिच्या त्या तीन बोटांकडे पाहिलं. मग स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून एक धुळकट स्टँड काढला. पातळ नळीचा, एकेरी पायांचा, ॲल्युमिनियमचा. नट सहज फिरत होता, पंजा घट्ट होता, मिटला की छत्रीएवढा. "कुणी घेत नाही हो. दिसायला दरिद्री," तो म्हणाला. किंमतही त्या मानाने बेताचीच होती.

"ठेवून द्या. शनिवारी नवऱ्याला घेऊन येते. त्यालाच निवडू दे."

शनिवारी नवरा दुकानात शिरला तो थेट हत्तीच्या स्टँडकडे. सुंभ जळला तरी पीळ कुठला जायला! "स्टँड कसा मजबूत पाहिजे," असं म्हणून त्याने तो उजव्या हाताने उचलला. स्टँड एका बाजूला कलंडायला लागला. दुकानदार उगाचच चष्मा पुसत बसला.

"अहो, तो नको," ती म्हणाली. "जड स्टँडवर ड्रम बसका वाजतो."

"म्हणजे इतकी वर्षं बसका वाजत होता?"

"मी बोलले नव्हते. तुम्ही हौसेने उचलायचात."

तिचा हात कानाच्या पाळीवर होता. खोटं बोलताना ती कानाची पाळी चोळते, हे त्याला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. मग त्याने तो स्टँड सावकाश खाली ठेवला आणि दरिद्री स्टँड उचलला. तीन बोटांत.

"ही तर छत्री आहे," तो म्हणाला. "पाऊस आला तर निदान उपयोगी पडेल." आणि घरापर्यंत त्याने तो कुणाच्या हातात दिला नाही, तिच्याही नाही.

रविवारी दुपारी उंच खिडक्यांतून पिवळं ऊन आडवं पडलं होतं. मेण लावलेल्या फरशीवर म्हातारी जोडपी तरंगत होती, आपण कुठे चाललोय याची कुणालाच काळजी नसल्यासारखी. तिने ब्रश फिरवायला घेतले आणि ड्रम तिच्यापासून दूर निघाला. हलका स्टँड त्या गुळगुळीत फरशीवर प्रत्येक फेऱ्याला तसूतसूने सरकायचा. तिने खुर्ची पुढे ओढली. तो आणखी पुढे.

"स्वारी कुठे निघाली?" शिंपीकाकांनी भाता ओढता ओढता विचारलं.

तिचा चेहरा पडला. एवढा पारखून घेतला आणि हे! तेवढ्यात दाराजवळ खुर्ची घासल्याचा आवाज आला. नवरा उठला होता. खुर्ची ओढत ओढत तो तिच्याशेजारी आला, बसला आणि त्याने आपला उजवा, जड पाय स्टँडच्या पायावर ठेवला.

ड्रम जागच्या जागी थांबला.

ती वाजवत राहिली. थोड्या वेळाने तो तिच्याकडे झुकला. "अगं, तळव्यात कळतंय."

"काय?"

"तुझं वाजवणं. कान नको की काही नको. मुंग्यांसारखं वर चढतंय."

तिने ब्रश आणखी हलका केला आणि फेरा लांबवला. त्याने डोळे मिटले. जोडपी फिरत होती, ऊन फरशीवरून भिंतीवर चढत होतं, आणि शिंपीकाकांनी एक धून संपवून न थांबता दुसरी धरली.

पुढच्या आठवड्यात ती दुकानावरून जात होती. दुकानदाराने आतूनच हाक मारली. "बाई, जाड रबराच्या टोप्या आल्यात. पायांना बसवा, स्टँड तसूभर सरकणार नाही. पैसेसुद्धा नकोत."

"राहू द्या," ती म्हणाली. "सरकतो तेच बरं आहे."